आतून आणि बाहेरून एकच नाव: कार्यालयातलं वेब ॲप बाहेरच्या नेटवर्कवर आणताना

पार्श्वभूमी

यंत्रांची देखभाल आणि दुरुस्ती करणारी एक मध्यम आकाराची संस्था. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण तांत्रिक घटना घडल्या तशाच मांडल्या आहेत. संस्थेकडे स्वतःचं एक वेब ॲप होतं. तक्रार नोंदवायची, ती इंजिनिअरकडे सोपवायची, यंत्राचे फोटो जोडायचे, सुटे भाग मागवायचे आणि शेवटी व्यवस्थापकाची मंजुरी घ्यायची, असं सगळं काम त्यातच चालायचं. संस्थेतल्याच एका प्रोग्रॅमरने ते जँगोमध्ये (वेब ॲप बनवण्याचा एक तयार सांगाडा) लिहिलं होतं आणि चांगलं लिहिलं होतं. कार्यालयातल्या कपाटात ठेवलेल्या एका सर्व्हरवर ते कित्येक वर्षं निमूटपणे चालत होतं.

सगळे जण ते ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.२० हा आयपी (नेटवर्कवरचा सर्व्हरचा आकडी पत्ता) आणि पुढे ८०८० हा पोर्ट (त्या सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) टाकून उघडत. नाव नव्हतं, एचटीटीपीएस (मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याची पद्धत) नव्हतं. कार्यालयाबाहेर ॲप कुणाला दिसतच नसल्याने त्याची गरजही भासली नव्हती. बाहेर गेलेले इंजिनिअर दिवसभराच्या नोंदी कागदावर किंवा फोनच्या मेसेजमध्ये ठेवत आणि संध्याकाळी कार्यालयातलं कुणीतरी त्या ॲपमध्ये चढवत असे. उशीर व्हायचा, आकडे चुकायचे, फोटो भलत्याच तक्रारीला जोडले जायचे.

व्यवस्थापनाची मागणी एका वाक्यात मावणारी होती: इंजिनिअरना ॲप फोनवरून वापरता आलं पाहिजे, ग्राहकाला आपल्या तक्रारीची स्थिती पाहता आली पाहिजे आणि कार्यालयातलं काम आहे तसंच चालू राहिलं पाहिजे. नेटवर्कची बाजू सांभाळण्यासाठी मला बोलावलं. ॲपची बाजू त्या प्रोग्रॅमरकडेच राहिली.

अडचण कुठे होती

मी पोहोचण्याआधी कुणीतरी एक प्रयोग करून पाहिला होता. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग लावून ८०८० पोर्ट थेट सर्व्हरकडे वळवला होता. संस्थेकडे स्टॅटिक सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून गाठता येणारा आणि न बदलणारा पत्ता होता, त्यामुळे बाहेरून लॉगिनचं पान उघडलं आणि काम झालं असं सगळ्यांना वाटलं. पण पासवर्ड टाकून पुढे गेलं की पान फिरत राहायचं. ॲपच्या कॉन्फिगरेशनमध्ये स्वतःचा पत्ता म्हणून तो आतला आयपीच लिहून ठेवला होता. लॉगिन झाल्यावर ॲप ब्राउझरला त्या पत्त्यावर पाठवायचं आणि मोबाइल नेटवर्कवरच्या फोनसाठी तो पत्ता अस्तित्वातच नव्हता. मंजुरीसाठी जाणाऱ्या ईमेलमधल्या लिंकचीही तीच गत होती.

आयपी कोडमध्ये लिहिणं का महाग पडतं, हे आम्हाला एका इंजिनिअरने ग्राहकाच्या जागेवरून फोन करून दाखवून दिलं. दुरुस्तीसाठी कार्यालयात येऊन गेलेल्या यंत्रांवर क्यूआर कोडचे स्टिकर लावलेले असत. त्याने ग्राहकाच्या वायफायवर असताना तो कोड स्कॅन केला, तर समोर ग्राहकाच्याच प्रिंटरचं सेटिंगचं पान उघडलं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ पासून खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. ते ज्याने त्याने आपापल्या चार भिंतींत वापरायचे असतात, म्हणून जगभर तेच पत्ते लाखो ठिकाणी पुन्हा पुन्हा येतात. आमच्या स्टिकरवरचा पत्ता कुठल्याही नेटवर्कवर कुठल्याही भलत्याच उपकरणाचा असू शकत होता.

त्या उघड्या पोर्टवर पासवर्ड साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे वाटेत कुणालाही वाचता येतील असे जात होते. सर्व्हरचा लॉग उघडला तर अनोळखी पत्त्यांवरून विनंत्यांची रांग दिसली. आमच्याकडे कधीच नसलेल्या सॉफ्टवेअरची ॲडमिनची पानं कुणीतरी शोधत होतं. इंटरनेटवर पोर्ट उघडला की असं होतंच, कुणी मुद्दाम आपल्यावर नजर ठेवलेली असावी लागत नाही. पहिल्याच दिवशी मी ते फॉरवर्डिंग बंद करायला लावलं आणि ज्यांनी त्या काळात बाहेरून लॉगिन केलं होतं त्या सगळ्यांचे पासवर्ड बदलून घेतले.

पर्याय आणि त्यांचा विचार

सगळ्यात सोपा पर्याय होता दोन पत्ते ठेवण्याचा: कार्यालयात आतला, बाहेर सार्वजनिक. प्रोग्रॅमरचा कल सुरुवातीला याच बाजूने होता, कारण विनंती ज्या पत्त्यावर आली त्यावरून लिंक बनवणं कोडमध्ये फारसं अवघड नाही. मी विरोध केला. पानावरच्या लिंक अशा बनवता येतात, पण ईमेल दोन पत्ते कसे ओळखणार? कार्यालयात बसून पाठवलेली मंजुरीची लिंक व्यवस्थापक प्रवासात उघडतो. ग्राहकाला पाठवलेली लिंकही आतून निघते आणि बाहेर उघडते. शिवाय कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरने ठेवलेली खूण) पत्त्याला बांधलेली असते, म्हणजे कार्यालयातून बाहेर पडताच पुन्हा लॉगिन करावं लागलं असतं. या चर्चेत अर्धा दिवस गेला, पण पुढची सगळी दिशा तिथेच ठरली. ॲपला एकच नाव असेल आणि ते सगळीकडून चालेल.

दुसरा पर्याय व्हीपीएनचा, म्हणजे बाहेरच्या उपकरणाला कुलूपबंद वाटेने कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये घेण्याचा. वायरगार्ड हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर बसवायला हलकं आहे आणि ॲप इंटरनेटवर उघडावंच लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. फक्त कर्मचाऱ्यांचाच प्रश्न असता तर मी हाच निवडला असता. पण ग्राहकाला स्थिती पाहण्यासाठी व्हीपीएन बसवा असं सांगता येत नाही. कार्यालयाचं नेटवर्क १९२.१६८.१ या मालिकेत होतं आणि घरोघरच्या कितीतरी राउटरची मूळ मालिकाही तीच असते, हीसुद्धा अडचण होती. दोन्हीकडे एकच मालिका असली की घरी बसलेल्या माणसाचा लॅपटॉप सर्व्हरला आपल्या घरातच शोधत बसतो. व्हीपीएन आम्ही ठेवला, पण फक्त ॲडमिनच्या पानांसाठी आणि सर्व्हरच्या देखभालीसाठी.

ॲप क्लाउडवर हलवण्याबद्दल बरंच बोलणं झालं. लेबल छापणारे प्रिंटर, बारकोड वाचणारी हातातली उपकरणं आणि मोठ्या फाइली हे सगळं कार्यालयात होतं. इंटरनेटची लाइन गेली तरी कार्यशाळेतलं काम थांबता कामा नये, ही अट कार्यशाळाप्रमुखाने ठामपणे मांडली आणि ती रास्त होती. या एका अटीवर तो पर्याय मागे पडला.

टनेल सेवेचाही विचार केला. सर्व्हर स्वतःहून बाहेरच्या एका कंपनीशी जोडलेला राहतो आणि लोक त्या कंपनीमार्फत ॲपपर्यंत येतात. राउटरवर काहीच उघडावं लागत नाही. पण अशा बहुतेक सेवांमध्ये एचटीटीपीएसचं कुलूप त्या कंपनीकडे उघडतं, म्हणजे सगळा मजकूर तिला दिसू शकतो. सार्वजनिक आयपी नसता तर आम्हाला हाच रस्ता धरावा लागला असता. सार्वजनिक आयपी आहे का, हे आधी तपासून घ्यावं. राउटरच्या बाहेरच्या बाजूला दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेत असेल, तर तो सेवा देणाऱ्या कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा काही उपयोग नाही.

उरला तो पर्याय आम्ही घेतला: संस्थेच्या डोमेनखाली ‘काम’ हे एक नाव, सर्व्हरवर रिव्हर्स प्रॉक्सी (प्रत्येक विनंती आधी स्वतः घेऊन ॲपकडे देणारा मध्यस्थ) म्हणून एनजिनएक्स हा प्रोग्रॅम, सगळीकडे एचटीटीपीएस, आणि डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी व्यवस्था) असं की कार्यालयात त्या नावाचं उत्तर आतला आयपी येईल आणि बाहेर सार्वजनिक.

नाव आणि डीएनएस

वेगळ्या डीएनएसशिवायही एकच नाव चालवता येतं. राउटरवर हेअरपिन नॅट चालू केलं की झालं. आतला संगणक सार्वजनिक आयपीला विनंती पाठवतो, राउटर ती वळवून परत आत सर्व्हरकडे पाठवतो. पण सर्व्हरने थेट त्या संगणकाला उत्तर दिलं तर संगणक ते फेकून देतो, कारण त्याने विचारलं होतं सार्वजनिक आयपीला आणि उत्तर आलं भलत्याकडून. म्हणून राउटरला पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलावा लागतो आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये कार्यालयातला प्रत्येक माणूस राउटरच्याच पत्त्याने दिसतो. वर लाइन गेली की बाहेरचा डीएनएस गाठता येत नाही, म्हणजे कार्यशाळाप्रमुखाची अट मोडते. मुख्य रस्ता म्हणून हेअरपिन नको, स्प्लिट डीएनएस (त्याच नावाला आत एक आणि बाहेर दुसरं उत्तर) हवा, हे त्यामुळे ठरलं.

त्यात आम्ही दोन चुका केल्या. दोन्ही नेहमी होणाऱ्या आहेत.

पहिली चूक अशी की आतल्या डीएनएस सर्व्हरवर संस्थेचं अख्खं डोमेनच तयार केलं आणि त्यात ‘काम’ ही एकच नोंद टाकली. तासाभरात तक्रारी आल्या. संस्थेची वेबसाइट कार्यालयातून उघडेना, मेलचा प्रोग्रॅम जोडला जाईना. आतला डीएनएस आता स्वतःला त्या डोमेनचा मालक समजत होता आणि नोंद नसलेल्या प्रत्येक नावाला ‘असं काही नाही’ म्हणत होता. अख्खं डोमेन काढून फक्त त्या एका नावापुरती नोंद ठेवली आणि बाकी सगळं पूर्वीसारखं बाहेर विचारायला पाठवलं.

दुसरी चूक उशिरा सापडली, कारण तिचं लक्षण होतं ‘कधी चालतं, कधी नाही’. राउटर सगळ्या संगणकांना दोन डीएनएस पत्ते वाटत होता: पहिला आतला, दुसरा एका सार्वजनिक सेवेचा. दुसरा अडीअडचणीला असावा या चांगल्या हेतूने कुणीतरी ठेवला होता. पण पहिला बंद पडला तरच दुसऱ्याकडे जायचं, असं संगणक मानतीलच याची खात्री नसते. कुठला संगणक कधी कुणाला विचारेल सांगता येत नाही. दुसरा पत्ता काढला. त्याच्या जागी आतलाच दुसरा एक डीएनएस सर्व्हर उभा केला, तेच उत्तर देणारा.

काही ब्राउझर आणि फोन आतल्या डीएनएसला विचारतच नाहीत. ते एचटीटीपीएसवरून थेट बाहेरच्या सेवेला विचारतात. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला एखाद्या सेवेचं नाव दिलेलं असेल तरी तेच. संस्थेच्या संगणकांवर हे बंद करता आलं, पण कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या फोनवर ते करायला लावणं मला पटलं नाही. म्हणून हेअरपिन नॅटही चालू ठेवलं. बाहेरचं उत्तर मिळालेला फोन लांबच्या वाटेने का होईना, पोहोचतो. नोंदींचा टीटीएल (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ती मुदत) ६० सेकंद ठेवला, म्हणजे वायफाय सोडून बाहेर पडलेला फोन जुन्या पत्त्याला फार वेळ चिकटून राहत नाही.

सर्टिफिकेट, प्रॉक्सी आणि ॲपची सेटिंग

एचटीटीपीएससाठी लागणारं, सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं घेतलं. ते ९० दिवसांचं होतं आणि आपोआप नवं होत राहायचं. खासगी आयपीसाठी किंवा फक्त आत चालणाऱ्या नावासाठी सार्वजनिक संस्थांकडून सर्टिफिकेट मिळत नाही. ती सोय २०१५-१६ मध्ये बंद झाली. नाव खऱ्या डोमेनखालचंच घ्यावं यामागे हे एक कारण होतं. आमचं सर्टिफिकेट नावाचं होतं, आयपीचं नाही, म्हणून आत आणि बाहेर पत्ता वेगळा असूनही एकच सर्टिफिकेट चाललं.

डोमेनवर आपलाच ताबा आहे हे सिद्ध करण्याच्या दोन पद्धती समोर होत्या. डीएनएसमध्ये नोंद टाकून करायचं तर डोमेनच्या सगळ्या नोंदी बदलू शकणारी किल्ली सर्व्हरवर ठेवावी लागली असती. इंटरनेटकडे तोंड करून बसलेल्या सर्व्हरवर मेलच्या नोंदीही बदलू शकणारी किल्ली मला नको होती. म्हणून पोर्ट ८० उघडा ठेवून एचटीटीपीची पद्धत घेतली. त्या पोर्टवर हे सत्यापन आणि एचटीटीपीएसकडे वळवणं, एवढंच होतं. दिलेली सर्टिफिकेटं जाहीर नोंदवहीत जातात. आमच्याही नव्या नावावर थोड्याच वेळात अनोळखी विनंत्या यायला लागल्या. नाव कुणाला माहीत नाही म्हणून आपण सुरक्षित आहोत, ही कल्पना बैठकीत कुणीतरी मांडली होती. तिला लॉगनेच उत्तर दिलं.

ॲप आधी सगळ्या नेटवर्कवर ऐकत होतं. ते १२७.०.०.१ वर (सर्व्हरचा फक्त स्वतःपुरता पत्ता) आणलं, म्हणजे प्रॉक्सीशिवाय कुणी त्याच्याशी बोलू शकणार नाही. मग जँगोची सेटिंग. अलाउड होस्ट्समध्ये (ॲपने स्वीकारायच्या नावांची यादी) नवं नाव घातलं, नाहीतर प्रत्येक विनंतीला ४०० ची चूक येते. एचटीटीपीएसकडे वळवण्याची सेटिंग चालू करताच ब्राउझर गोल गोल फिरायला लागला. प्रॉक्सी ॲपशी आतून साध्या एचटीटीपीवर बोलत होती, त्यामुळे ॲप प्रत्येक विनंतीला ‘आधी एचटीटीपीएसवर जा’ म्हणत होतं. मूळ विनंती कुठल्या प्रकारची होती हे प्रॉक्सीने हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) सांगायचं आणि ॲपने त्यावर विश्वास ठेवायचा, हे दोन्हीकडे लिहिल्यावर ते थांबलं. फॉर्म जतन करताना येणारी ४०३ ची चूकही त्याच कारणाची होती. फोटो चढेनात, कारण एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी विनंती घेत नाही. मर्यादा वाढवली.

जुना ८०८० पोर्ट आतल्या नेटवर्कपुरता प्रॉक्सीकडे ठेवला आणि तिथे येणाऱ्याला नव्या नावाकडे वळवलं. ते ३०२ ने (तात्पुरतं वळण), ३०१ ने (कायमचं) नाही. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि काही चुकलं तर प्रत्येक संगणकावर जाऊन ते पुसावं लागतं. एचएसटीएसही (या नावाला फक्त एचटीटीपीएसनेच जायचं, हे ब्राउझरला ठरावीक काळ लक्षात ठेवायला सांगणं) त्याच कारणाने आधी ३०० सेकंदांनी सुरू केलं आणि दोन आठवड्यांनी वाढवलं.

‘आतला’ कोण?

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते याबद्दल.

कार्यशाळेत भिंतीवर एक मोठा पडदा होता. त्यावर दिवसभर चालू तक्रारींची यादी दिसायची: ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, यंत्र, सध्याची स्थिती. तिथे कुणी लॉगिन करत बसत नसे. ॲपमध्ये एक अट होती की विनंतीचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर हे पान लॉगिनशिवाय दाखवायचं. बाहेरून कुणी येऊच शकत नव्हतं तेव्हा ही अट वाजवी होती.

प्रॉक्सी बसवल्यावर पडद्यावर लॉगिनचं पान आलं. कारण सरळ होतं: आता प्रत्येक विनंती ॲपला १२७.०.०.१ वरून, म्हणजे प्रॉक्सीकडून आलेली दिसत होती. कार्यशाळेतून फोन आला, काम खोळंबलं होतं. प्रोग्रॅमरने विश्वासाच्या यादीत १२७.०.०.१ घातला आणि पडदा पूर्ववत झाला.

बाहेरच्या डीएनएसची नोंद तोवर चालू झालेली होती, ग्राहकांना मात्र काहीच कळवलं नव्हतं. मी फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एकेक पान उघडून पाहत होतो. पडद्याचं पान लॉगिन न विचारता उघडलं. सगळ्या ग्राहकांची नावं आणि फोन नंबर माझ्या हातात होते. जगातली प्रत्येक विनंती प्रॉक्सीमार्फत येत होती, म्हणजे ॲपच्या दृष्टीने जगातला प्रत्येक माणूस ‘आतला’ झाला होता.

पोर्ट लगेच बंद केला. लॉग पाहिला. मधल्या सुमारे ४० मिनिटांत बाहेरून आलेल्या विनंत्या नेहमीच्या शोधाशोधीच्या होत्या आणि त्या पानाला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नव्हता. व्यवस्थापनाला त्याच दिवशी सगळं सांगितलं. प्रोग्रॅमरला दोष देण्यात अर्थ नव्हता. प्रॉक्सी मी बसवत होतो आणि ॲप कुठे कुठे पत्त्यावर अवलंबून आहे हे मी आधी विचारलंच नव्हतं.

पुढे काय करायचं यावर आमचं एकमत व्हायला वेळ लागला. प्रोग्रॅमरचा प्रस्ताव होता की प्रॉक्सी मूळ पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमध्ये पाठवते, तर ॲपने तो वाचावा. हे करता येतं, पण एका सावधगिरीने. हा हेडर पाठवणाऱ्यालाही स्वतः लिहिता येतो. प्रॉक्सी आलेल्या हेडरच्या मागे आपला पत्ता नुसता जोडत असेल आणि ॲप पहिला पत्ता वाचत असेल, तर बाहेरचा माणूस त्यात १९२.१६८.१.५० लिहून आत येतो. प्रॉक्सीने आलेला हेडर पुसून स्वतःचा लिहिला तर ही फट बुजते. तेवढं आम्ही केलंच, लॉगसाठी ते हवंच होतं.

पण परवानगी त्यावर टांगायला मी तयार नव्हतो. हेअरपिनमुळे काही विनंत्या राउटरच्या पत्त्याने येत होत्या आणि तो पत्ता आतल्याच मालिकेतला. उद्या राउटर बदलला, त्याने बाहेरून आलेल्या विनंत्यांचाही पत्ता तसाच बदलला, तर सगळं पुन्हा उघडं पडलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. शिवाय पाहुण्यांना दिलेलं वायफायही तेव्हा त्याच मालिकेत होतं. माणूस कुठून आला यावरून तो कोण आहे हे ठरवायचंच नाही, असं मी सुचवलं आणि शेवटी ते मान्य झालं.

कोडमधून पत्त्याची अट शोधून काढायला दोन दिवस गेले, कारण ती एका जागी नव्हती, तीन जागी होती. पडद्याला स्वतःचं खातं दिलं: फक्त ते एक पान, फक्त वाचायला, ग्राहकाचा फोन नंबर न दाखवता. फोन नंबर भिंतीवर कधी लागतच नव्हता, हे त्या निमित्ताने कार्यशाळाप्रमुखाच्याच लक्षात आलं. पाहुण्यांचं वायफाय वेगळ्या नेटवर्कवर हलवलं. सोडून गेलेल्या लोकांची खाती बंद केली, कार्यशाळेतला सगळ्यांचा मिळून असलेला एक पासवर्ड मोडून प्रत्येकाला वेगळा दिला, व्यवस्थापकांना लॉगिनची दुसरी पायरीही लावली.

चाचण्या

प्रत्येक बदलानंतर तीच पानं चार ठिकाणांहून उघडून पाहायची असं ठरवलं: कार्यालयाची तार, कार्यालयाचं वायफाय, पाहुण्यांचं वायफाय आणि मोबाइल डेटा. लॉगिन करून आणि न करता.

मग बाहेरच्या लाइनची तार काढून पाहिली. नाव सापडलं, सर्टिफिकेट बरोबर होतं, पण लॉगिनचं पान अर्धवट येऊन अडकलं. फॉन्ट आणि एक स्क्रिप्ट बाहेरच्या सर्व्हरवरून येत होती. कित्येक वर्षांत हे कुणाला कळलं नव्हतं. त्या फाइली आपल्याच सर्व्हरवर ठेवल्या. तक्रार जतन करताना ॲप ईमेल जाईपर्यंत थांबून राहायचं, तेही सोडवलं. ईमेल आता रांगेत पडतात आणि लाइन आली की जातात. ही चाचणी केली नसती तर कार्यशाळेला दिलेला शब्द पहिल्याच बिघाडाला मोडला असता.

बारकोड वाचणाऱ्या दोन जुन्या उपकरणांनी सर्टिफिकेट नाकारलं. त्यांत अँड्रॉइड ६ होतं, आणि ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडकडे लेट्स एन्क्रिप्टचं मूळ सर्टिफिकेट नसतं. ते हाताने बसवलं. त्यासाठी स्क्रीन लॉक लावावं लागलं आणि कामगारांना ते आवडलं नाही. नवी उपकरणं येईपर्यंत हीच तडजोड आहे.

परिणाम

सुरुवातीपासून ग्राहकांना लिंक पाठवेपर्यंत साधारण तीन आठवडे लागले. इंजिनिअर आता नोंद जागेवरच करतात आणि संध्याकाळची ती चढवाचढव बंद झाली. ग्राहकाला ईमेलमध्ये आलेली लिंक आणि कार्यालयात वापरली जाणारी लिंक एकच असते. एकदा लाइन खरोखर गेली, अख्खी दुपार. कार्यशाळेतलं काम चालू राहिलं.

काय वेगळं केलं असतं

सुरुवात राउटरपासून न करता कोडपासून केली असती. कोड, सेटिंग, ईमेलचे नमुने, छापील गोष्टी, प्रत्येकाच्या ब्राउझरमधले बुकमार्क, जिथे जिथे तो आयपी लिहिला आहे किंवा पत्ता पाहून निर्णय घेतला जातो, त्या सगळ्याची यादी पहिल्या दिवशी केली असती तर पडद्याची घटना घडलीच नसती.

बाहेरची डीएनएस नोंद आणि पोर्ट सगळ्यात शेवटी उघडायला हवा होता. सर्टिफिकेट मिळवण्यासाठी तो लागतो म्हणून आम्ही लवकर उघडला. तेवढ्यापुरता फक्त पोर्ट ८० पुरला असता. एचटीटीपीएसचा पोर्ट ४४३ बंद ठेवून आत सगळं तपासता आलं असतं.

नेटवर्कची मालिका बदलण्याचं काम अजून झालेलं नाही. १९२.१६८.१ सोडून कमी वापरातली एखादी मालिका घेतली तर ॲडमिनच्या व्हीपीएनला घरच्या राउटरशी होणारी टक्कर टळेल. आता नाव आलं असल्यामुळे हा बदल कर्मचाऱ्यांच्या लक्षातही येणार नाही, पण प्रिंटरचे पत्ते एकेक करून बदलावे लागतील आणि त्यासाठी सुट्टीचा दिवस ठरायचा आहे.

स्टिकरचा प्रश्न ॲपमधूनच सोडवला. आत एक स्कॅनचं बटण दिलं. ते जुना कोड वाचतं, त्यातला पत्ता टाकून देतं आणि शेवटचा यंत्राचा क्रमांक तेवढा घेतं. नव्या स्टिकरवर नाव छापलेलं असतं. जुनं स्टिकर इंजिनिअरने पुढच्या भेटीत काढून नवं लावायचं आणि ॲपमध्ये तशी खूण करायची. अजून खूण न झालेल्या यंत्रांची यादी दर महिन्याला निघते. ती रिकामी होईपर्यंत ८०८० वरचं ते वळण काढायचं नाही, असं सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये त्याच ओळीच्या वर लिहून ठेवलं आहे.